कोर्टाचा माळ

मराठवाड्यात जाऊन आले म्हटल्यावर आमच्या गावात सगळ्यांनी पहिला प्रश्न एकच विचारला, "प्यायला पाणी मिळालं का?" मिळालं, आणि त्याच्याबरोबर आंबीलही मिळाली. दुसरा प्रश्न असतो, "पण बघायला काय आहे तिकडे?" याचं उत्तर फाटकात उभं राहून देता येत नाही, म्हणून बसून लिहिते आहे.

गुहागरजवळ आमची आंब्या-काजूची बाग आहे. म्हणजे कागदोपत्री आमची. वहिवाट माकडांची आहे. मोहोर ती खातात, कैऱ्या ती पाडतात, फणस ती फोडतात आणि त्यातून उरेल त्याला आम्ही उत्पन्न म्हणतो. माझ्या नवऱ्याने गलोल, फटाके, डबे वाजवणे, सगळं करून पाहिलं. शेवटी माकडं त्याला ओळखायला लागली आणि तो बागेत नसेल तेव्हाच येऊ लागली. एवढं ऐकल्यावर माझी मैत्रीण उज्ज्वला नरवाडे फोनवर म्हणाली, "तू येळवशीला आमच्याकडं ये. आमच्याकडं रोही, डुकरं, हरणं, सगळ्यांशी लढायचं सामान मिळतं. झटका मशीन बघून जा."

उज्ज्वला आणि मी पुण्यात नर्सिंगला एका खोलीत राहिलो. मी कोकणात नोकरी केली, तिने लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळला. तिथल्या दोन पिढ्यांची बाळंतपणं करून ती निवृत्त झाली आणि माहेरच्या नांदेडला घर बांधून राहिली. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूरकडे त्या दिवशी गावात कुत्रंही राहत नाही, सगळे शेतात जेवायला जातात, इतकीच माहिती तिने दिली होती.

विष्णुपुरी

पहिल्या दिवशी ती मला धरणावर घेऊन गेली. गोदावरी तिथे अशी पसरलेली आहे की आमच्याकडच्या खाडीची आठवण यावी, फक्त भरती-ओहोटी नाही. पलीकडच्या काठाला केळी आणि ऊस. मी म्हटलं, "एवढं पाणी असून लोक रडतात?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाणी हितं हाय, माझ्या भावाचं शेत हदगावला हाय."

परतताना तिने आमच्या प्रवासाचा बेत सांगितला. एक दिवस भावाकडे, आणि येळवशीला शिरूर अनंतपाळ. "तिथं मला एका कामाला बोलवलंय," ती म्हणाली. "दोन भावांची वाटणी हाय. मी पंच."

"तू का?"

"दोघांच्या बायकांची बाळंतपणं मी केली. दोघांचा माझ्यावर इश्वास हाय. नोकरीला लागले त्या वर्षी त्या घरात मला चहा वेगळ्या कपात यायचा. आता वाटणीत मधी उभं करतात." हे तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि रिक्षाला हात केला.

हदगावच्या अलीकडे

उज्ज्वलाचा भाऊ सिद्धार्थ याचं शेत लांबून पाहिलं तेव्हा मला वाटलं, लग्नाचा मांडव आहे. चारी बाजूंनी रंगीबेरंगी साड्या बांधलेल्या. जवळ गेल्यावर कळलं, आत हरभरा आहे. साडी वाऱ्याने हलली की रानडुक्कर बिचकतं, अशी समजूत. उज्ज्वला कुंपणाच्या कडेने चालत गेली आणि एका मोरपंखी साडीपाशी थांबली.

"सिद्धू, ही माझ्या निरोपाच्या कार्यक्रमाची."

"हाव. चांगली हाय, टिकून राहिली," सिद्धार्थ म्हणाला. "त्या बाजूनं रोही येत न्हाई. बाकीच्या बाजूनं येतंय."

रोही म्हणजे नीलगाय. घोड्याएवढं जनावर, त्याच्या नावात गाय असल्यामुळे त्याला कोणी हात लावत नाही, आणि त्याला ते ठाऊक असावं. सिद्धार्थने झाडाला एक भोंगा बांधला होता. त्यातून वाघाची डरकाळी येते. ती डरकाळी त्याने मोबाइलवरून उतरवून घेतलेली, त्यामुळे मध्येच एक बाई केसांच्या तेलाची जाहिरात करते. "वाघाला रोही बुजत न्हाईत," तो म्हणाला. "वाघ त्यांनी पाहिलाच न्हाई कधी. जाहिरात लागली की मातर पळतात."

हसून झाल्यावर मी विचारलं, "ही जनावरं पूर्वीपासून आहेत इथे?"

"हे गायरान होतं. आमच्या आज्यानं फोडलं, लोकांच्या शिव्या खाऊन, दगड वेचून. त्यावेळी हितं रोहीच होते. म्हणजे आमीच त्यांच्यात आलो, म्हणाल तर तसं बी हाय." त्याने एक डहाळा उपटून माझ्या हातात दिला. "पण गावातल्या मोठ्या लोकांचं रान बी कुणीतरी कधीतरी फोडलेलंच की. त्यांना कुणी इचारत न्हाई, रोह्याचं काय केलं."

हरभऱ्याचे हिरवे घाटे सोलून मी खात राहिले. घाटे गोड होते.

मग झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारी पेटी. हदगावच्या बाजारात दुकान असलेले मुनीरभाई त्याच दिवशी तारा ताणायला आले होते. त्यांचे वडील पत्र्याची कामं करत, आता हे कुंपणं विकतात. मी बारकाईने पाहायला म्हणून वाकले आणि तोल सावरायला तार धरली. पुढचं मला नीट आठवत नाही. मी सोयाबीनच्या गुळीच्या, म्हणजे भुसकटाच्या, ढिगावर बसले होते आणि दात आपोआप वाजत होते. उज्ज्वलाने सवयीने नाडी पाहिली. मुनीरभाई शांतपणे म्हणाले, "काय होत न्हाई बाई. जान जात न्हाई, नुसती अक्कल येती. डुकराला दोन खेपा लागतात."

मी त्यांना माकडांविषयी सांगितलं. त्यांनी विचारलं, "माकडं खालून येतात का वरून?"

"वरून. झाडावरून झाडावर."

"मग मशीनचा काय उपेग? माकडासाठी मशीन न्हाई निघालं अजून. माकडाला माणूसच लागतो." एवढं बोलून त्यांनी पेटी उचलली. गिऱ्हाईक इतक्या प्रामाणिकपणे परत पाठवणं मी आमच्या चिपळूणच्या बाजारात पाहिलेलं नाही. ज्या कामासाठी मी आले होते ते तिथेच संपलं. जेवायला ज्वारीची भाकरी, येसर आमटी आणि जवसाची चटणी होती. उजव्या हाताला मुंग्या येत असल्याने मी सावकाश जेवले, आणि त्यामुळे जास्त जेवले.

शिरूर अनंतपाळ

बसमध्ये उज्ज्वलाने वाटणीची हकिकत सांगितली. दिगंबरराव आणि नामदेवराव बिरादार हे सख्खे भाऊ. बायका म्हणजे कमलबाई आणि विमलबाई, निलंग्याकडच्या सख्ख्या बहिणी. वडील वारले तेव्हा बागायत, घर, गुरं सगळं वाटलं गेलं. राहिला एक माळ. तीसेक एकर असेल, मुरमाड, कुसळांचा. एका बाजूला ओढा आहे. ओढ्याकडची बाजू दिगंबररावांना हवी होती, आणि ती त्यांना हवी म्हटल्यावर नामदेवरावांनाही हवी झाली. प्रकरण कोर्टात गेलं. निकाल लागेपर्यंत माळात कोणीही पाय घालायचा नाही, नांगर नाही, गुरं नाहीत, गवतही कापायचं नाही, असा स्टे आला. केस सुरू झाली तेव्हा दिगंबररावांचा संतोष रांगत होता. आता त्याला टक्कल पडायला लागलं आहे.

"मग माळाचं काय झालं?"

"रान झालं," उज्ज्वला म्हणाली. "लोक कोर्टाचा माळ म्हणतात. हरणं आली, तितर आले, लांडगे हाईत म्हणतात. राखण बी अशी की वनखात्याला जमणार न्हाई. एका टोकाला दिगंबर अण्णा बसतात, दुसऱ्या टोकाला नामदेवराव. कुणाचं शेरडू आत गेलं की दोघं दोन बाजूंनी धावतात. एकदा सशाच्या शिकारीला बाहेरची माणसं आली. अण्णांना वाटलं नामदेवनं घातली, नामदेवला वाटलं अण्णांनी. दोघांनी मिळून त्यांना पार उदगीरच्या रस्त्याला लावलं. एकमेकांशी न बोलता."

आणि बहिणी? नवरे बोलत नाहीत म्हणून त्याही बोलत नव्हत्या. एकाच गल्लीत समोरासमोर राहून. एकीच्या मुलीच्या लग्नात दुसरी दारामागून अक्षता टाकून आली होती.

आता पुढच्या पिढीला माळ हवा होता. संतोषला सोयाबीन घालायचं होतं, नामदेवरावांच्या पुण्यातल्या मुलाला सोलरच्या प्लेटा बसवायच्या होत्या. म्हणून येळवशीच्या मुहूर्तावर समेट करायचा आणि मग केस मागे घ्यायची, असं ठरलं. मला कार्यक्रम आवडला. जेवण, समेट आणि हरणं, तिन्ही एका दिवसात.

सकाळी शिरूर अनंतपाळहून निघालो तेव्हा रस्ताभर माणसांच्या रांगा शेतांकडे चालल्या होत्या. डोक्यावर टोपल्या, त्यावर घोंगडी, हातात आंबिलीचं मडकं. गावात खरंच कुलुपंच उरली होती. बिरादारांनी माळाच्या कडेला, लिंबाखाली, कडब्याची कोप उभी केली होती. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव. त्यांची पूजा झाली आणि बायामाणसं शेताभोवती आंबील शिंपडत एक ओळ म्हणत फिरली. तिचा अर्थ कोणालाही सांगता आला नाही. कानडी असावी, असं सगळ्यांचं मत पडलं.

कमलबाई आणि विमलबाई कितीतरी वर्षांनी शेजारी बसल्या होत्या. मला वाटलं होतं, गळ्यात पडतील. विमलबाईंनी भज्जीचा डाव उचलून चव घेतली. भज्जी म्हणजे इथे डाळी, शेंगा, पालेभाज्या सगळं एकत्र शिजवलेलं दाट कालवण.

"मीठ कमी हाय, अक्का."

"तुझं जास्तीचं असतंय. म्हणलं, तू टाकशीलच."

विमलबाईंनी मीठ टाकलं. एवढंच. पण त्यानंतर त्या दोघी भाकरी एकाच परातीतून वाढत राहिल्या आणि पदराने वारंवार घाम पुसत राहिल्या, अंगात स्वेटर घालावा अशी थंडी असताना.

जेवणाआधी दिगंबरराव मला माळ दाखवायला घेऊन गेले. उंच, सडपातळ, पांढरं धोतर. मागून नामदेवराव, आखूड बांध्याचे, हातात काठी. गवत कमरेएवढं, वाळून सोन्यासारखं झालेलं. त्यात अचानक एक काळी पाठ, पिळाची शिंगं आणि मागे दहा-बारा माद्या. काळवीट आमच्याकडे बघत उभं राहिलं, मग सगळा कळप उसळ्या मारत गेला. मी आयुष्यात जंगल खूप पाहिलं आहे, पण आमचं जंगल झाकलेलं असतं. इथे सगळं उघड्यावर होतं, आकाशाला चिकटून.

"बघा, आमची हरणं," दिगंबरराव म्हणाले.

"निम्मी," नामदेवराव मागून म्हणाले.

मी विचारलं, "माळ नांगरल्यावर ती कुठे जातील?"

"जातील की कुठंतरी," दिगंबरराव म्हणाले. "ते त्यांनी बघावं. आजवर बसून खाल्लं."

उज्ज्वलाने चिठ्ठ्या टाकल्या. ओढ्याकडची बाजू नामदेवरावांना आली. दिगंबररावांनी मान खाली घालून "हाव" म्हटलं, आणि गावकऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आता लिंबापासून पलीकडच्या बाभळीपर्यंत सरळ दोरी धरायची आणि खुंट मारायचे. संतोषने ट्रॅक्टर आणून ठेवला होता, नारळ तयार होता. दोरी धरून तो पुढे चालला, आम्ही मागे. मधोमध एक उंचवटा होता. तिथे संतोष थांबला आणि त्याने हात वर केला.

उंचवट्याच्या पोटाला बीळ होतं. तोंडाशी हाडं, पिसं, उग्र वास. आतून कुंई कुंई असा बारीक आवाज येत होता. उज्ज्वलाने माझा दंड धरला आणि समोर बोट दाखवलं. गवतात, थोड्या अंतरावर, लांडगीण उभी होती. राखाडी, पोट खपाटीला गेलेली. ती गुरगुरली नाही, पळालीही नाही. नुसती पाहत होती.

"बुजवून टाकतो," संतोष हळूच म्हणाला. "टॅक्टर फिरवला की झालं."

"आज न्हाई," दिगंबरराव म्हणाले. "येळवस हाय."

नामदेवरावही म्हणाले, "लेकुरवाळी हाय ती. पाप कामून घ्यायचं?"

त्या क्षणी दोन्ही भाऊ मला फार आवडले. उज्ज्वला पंचाच्या आवाजात म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीत गर्दी नको. खुंट जरा सरकवून घेऊ, दोन-चार हात. पिल्लं गेली की सरळ करा."

"सरकवा की," दिगंबरराव म्हणाले. "तिकडं सरकवा."

"तिकडं म्हणजे माझ्यात?" नामदेवराव म्हणाले. "इकडं सरकवा, तुमच्यात."

"ओढा तुला गेला, नामा. मी काय बोललो का? आता हे बी मीच सोडू?"

"चिठ्ठीनं गेला. तुमी दिला न्हाई. आन् बापू गेले त्या वक्ताला गोठ्याची जागा कुणी सोडली व्हती?"

गोठा निघाला म्हटल्यावर उज्ज्वलाने डोळे मिटले. गोठ्यानंतर विहीर निघाली, विहिरीनंतर आईच्या पाटल्या. आवाज चढत गेले. लांडगीण हळूच बसली. मी पाहुणी आहे हे विसरून म्हणाले, "मधली जागा दोघांनीही सोडली तर?"

"मग ती ऱ्हाती कुणाच्या नावावर?" नामदेवरावांनी विचारलं.

"लांडगिणीच्या," मी म्हणाले.

त्यावर दोघे भाऊ पुन्हा एका बाजूला झाले. दिगंबररावांनी अत्यंत सौजन्याने विचारलं, "तुमच्याकडं कोकणात चालतंय का असं, बाई?"

"चालतं," मी म्हणाले. आमच्या बागेपुरतं खोटं नव्हतं, पण त्याचा उपयोग झाला नाही. नामदेवरावांनी काठी जमिनीवर आपटली, "कोर्टातच भेटू" म्हणाले. "भेटू की," दिगंबरराव म्हणाले. एक भाऊ माळाच्या एका टोकाला गेला, दुसरा दुसऱ्या. संतोषने दोरी गुंडाळली, ट्रॅक्टर वळवला आणि नारळ सीटखाली ठेवून दिला.

मला आनंद झाला होता, हे कबूल करायला हवं. एका घराचा समेट मोडलेला पाहून मला आनंद झाला होता, आणि कोपीकडे परतताना त्या दोघी बहिणी दिसल्यावर तोच आनंद ओसरला. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. पुन्हा गल्लीत समोरासमोर दारं बंद करून बसायचं, असंच आता होणार.

लांबून दिगंबररावांची हाक आली, "चला घरी."

कमलबाई परातीवरून न उठता म्हणाल्या, "तुमी व्हा म्होरं. आमचं जेवण व्हायचंय."

मग दुसऱ्या बाजूने हाक आली. विमलबाईंनी बहिणीच्या ताटात बाजरीचा वाफवलेला उंडा वाढला, वर तेल घातलं. उज्ज्वला त्यांच्याजवळ बसली. "माझ्याकडून न्हाई झालं, बायांनो."

"शिस्टर, तुमचं काय चुकलं," कमलबाई म्हणाल्या. "आन् खरं सांगू का, माळ मोडला असता तर ती सगळी हरणं माझ्या हरभऱ्यात आली असती. राखणीला कोण? हे तर जाणार न्हाईत. आता हरणं माळावर हाईत, गप हाईत."

"म्हणजे तुम्हाला वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

विमलबाई म्हणाल्या, "वाईट याचंच वाटतंय बाई, की यांची केस व्हती ती आमी बी चालवली. आमचं काय व्हतं त्यात? ना ओढा, ना गोठा. अक्काच्या पोरीच्या लग्नात मी दारामागं उभी ऱ्हायले." त्यांनी आंबिलीचा पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला. "माळाचं ते बघू द्या. आमची आमी मिटवली."

कमलबाईंनी नुसता त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "मीठ बरं झालंय आता," त्या म्हणाल्या.

ऊन कललं तशी लोकं परतू लागली. दोघी बहिणींनी भांडी टोपल्यांत भरली, टोपल्या डोक्यावर घेतल्या. गावाकडे जायची वाट माळाला मोठा वळसा घालून जाते, कारण आजचा दिवस सोडला तर इतकी वर्षं माळात कोणी पाय घातलेला नाही. त्यांनी वळसा घातला नाही. लांडगिणीचा उंचवटा डावीकडे लांब ठेवून त्या सरळ गवतात शिरल्या, एकामागे एक, मग जागा मिळाली तशा शेजारी शेजारी. गवत त्यांच्या कमरेपर्यंत होतं, त्यामुळे दोन टोपल्या तेवढ्या तरंगत गेल्यासारख्या दिसत होत्या. काळविटाने मान वर केली, पाहिलं, आणि या वेळी पळालं नाही.

माळाच्या दोन टोकांना दोन भाऊ उठून उभे राहिले. पूर्वेकडून एक हाक आली, पश्चिमेकडून एक. इतक्या वर्षांत दोघांच्या तोंडून एकाच वेळी एकच वाक्य निघालं असेल ते हेच: "माळात जाऊ नका, कोर्टाचा स्टे हाय!"

त्या दोघी बोलत होत्या. त्यांना ऐकू गेलं नाही.